मोठ्या साईझचे ईमेल स्पॅम फिल्टरमधून न तपासताच आत येतायत? लिमिट कशा जुळवायच्या ते सविस्तर

एका छापखान्याचा मेल सर्व्हर मी सांभाळतो. लिनक्सवर मेल घेणारा-पाठवणारा पोस्टफिक्स, मागे स्पॅम तपासणारा स्पॅमअसॅसिन आणि व्हायरस तपासणारा क्लॅमएव्ही, मेलबॉक्ससाठी डवकॉट, म्हणजे लहान ऑफिसांमधे असतो तसाच सेटअप. तिथे हिशेब बघणाऱ्या काकूंना एक दिवस बिलाचा मेल आला, दिसायला अगदी सप्लायरच्या बिलासारखा, आणि बँक खात्याचा नंबर बदललाय असं खाली लिहिलेलं. काकूंना शंका आली म्हणून त्यांनी पैसे टाकायच्या आधी फोन केला आणि सगळं वाचलं. पण हा मेल इनबॉक्सपर्यंत आलाच कसा हे मला बघायचं होतं, म्हणून हेडर (मेलला वरती जोडलेल्या माहितीच्या ओळी) उघडले तर स्पॅमअसॅसिनचा एकही हेडर नव्हता, स्कोअर कमी मिळाला वगैरे नाही, स्कोअरच नाही. मेलची साईझ होती ७०० केबीच्या आसपास आणि त्यातला बहुतेक भाग एचटीएमएलच्या शेवटी भरलेल्या रिकाम्या कॉमेंट. स्पॅम पाठवणाऱ्याला नेमकं माहीत होतं की बऱ्याच सर्व्हरवर फिल्टर अर्ध्या एमबीच्या पुढे बघतच नाही.

त्यानंतर मी सगळ्या लिमिट परत बसवल्या, ते कसं केलं ते इथे क्रमाने लिहितोय. एक सूचना आधीच, सेटिंगची नावं मी उच्चारावरून लिहिलीयत, फाईलमधे ती इंग्रजीतच लिहायची आणि शब्दांच्या मधे अंडरस्कोर (क्लॅमएव्हीची सोडून, ती सलग जोडून लिहायची). आणि काहीही बदलायच्या आधी कॉन्फिगची कॉपी काढून ठेवा.

आधी फट कुठे आहे ते समजून घ्या

सर्व्हरवर साईझच्या दोन वेगळ्या लिमिट असतात. पहिली, किती मोठा मेल आत घ्यायचा. पोस्टफिक्समधे ती मेसेज साईझ लिमिट, न बदलता १०२४०००० बाईट, म्हणजे १० एमबीच्या जरा आत. दुसरी, किती मोठा मेल तपासायचा. स्पॅमसी हा जो छोटा प्रोग्राम मेल उचलून स्पॅमडीकडे (स्पॅमअसॅसिनचा मागे सतत चालणारा, प्रत्यक्ष तपासणारा प्रोग्राम) देतो त्याची लिमिट न सांगता ५०० केबी, त्याच्या वरचा मेल तो स्पॅमडीला देतच नाही, आला तसा परत देतो, ना एरर ना वॉर्निंग. म्हणजे ५०० केबी ते १० एमबी ह्या पट्ट्यातलं सगळं तुमच्याकडे न तपासता आत येतं, आणि डिझायनर लोकांनी मोठ्या फाईलसाठी मागे लागून पहिली लिमिट ३०-३५ एमबी करून घेतली असेल तर ही फट अजून रुंद. आमच्याकडे तसंच झालं होतं, पहिली लिमिट वाढवली तेव्हा दुसरीकडे कोणी बघितलंच नाही.

फिल्टरने सोडलेला मेल आणि फिल्टरने पास केलेला मेल युजरला इनबॉक्समधे सारखेच दिसतात, सगळा धोका इथे आहे. त्यामुळे खालच्या सगळ्या पायऱ्यांचं काम एकच, न तपासलेला मेल शक्य तेवढा कमी करायचा आणि जो उरेल तो न तपासलेला म्हणून ओळखू येईल असं करायचं.

साईझ मोजताना बेस६४ विसरू नका

लिमिट लागते ती मेलवर, फाईलवर नाही. अटॅचमेंट जाताना बेस६४ होते, म्हणजे फाईल साध्या अक्षरांत बदलली जाते, तिथे ३ बाईटचे ४ होतात, शिवाय दर ७६ अक्षरांनंतर ओळ तुटते त्याचे २ बाईट, मिळून साधारण ३७ टक्के वाढ. म्हणून १०२४०००० च्या लिमिटमधे फाईल जेमतेम ७ एमबीची जाते, आणि लोक म्हणतात सर्व्हर १० एमबी म्हणतो पण ८ ची फाईल जात नाही. उलट बाजूने, ५०० केबीची तपासायची लिमिट ओलांडायला ३७० केबीचा एक फोटो पुरतो. आजकाल सहीमधे कंपनीचा लोगोच तेवढा असतो, त्यामुळे हे "मोठे" मेल रोजचेच आहेत.

मराठी मजकुराचं गणित अजून वेगळं. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मधे ३ बाईट घेतं आणि काना, मात्रा, हलंत वेगळे मोजले जातात. "मार्च" ह्या शब्दात ५ चिन्हं, म्हणजे १५ बाईट. बेस६४ मधे त्याचे २० होतात, पण मेल कोटेड प्रिंटेबल ह्या दुसऱ्या पद्धतीने गेला तर प्रत्येक बाईटची ३ अक्षरं होऊन ४५. एवढा एक शब्द, मग लांबलचक मराठी परिपत्रक आणि त्याखाली आधीच्या दहा उत्तरांची शेपूट असेल तर नुसत्या मजकुरानेच मेल किती फुगतो बघा.

पायरी १: तुमच्याकडे किती मेल सुटतात ते मोजा

आकडे न बघता लिमिट बदलू नका. पोस्टफिक्सच्या लॉगमधे क्यूएमजीआरची (मेलची रांग, म्हणजे क्यू, सांभाळणारा भाग) ओळ असते, त्यात from च्या पुढे साईझ लिहिलेली असते. महिन्याभराचे लॉग घ्या, ग्रेप कमांडने त्या ओळी काढा, ऑक कमांडने साईझचा आकडा वेगळा करा आणि चार गट पाडा: ५०० केबीच्या आत, ५०० केबी ते २ एमबी, २ ते १० एमबी, आणि त्याच्या वर. एकच मेल फिल्टरमधून फिरून परत क्यूमधे येत असेल तर तो दोनदा मोजला जाईल, तेवढं वजा करा.

मग मेलबॉक्सच्या फोल्डरमधे जाऊन ज्या फाईलमधे एक्स-स्पॅम-चेकर-व्हर्जन हा हेडर नाही अशा शोधा. स्पॅमसीमार्फत स्पॅमअसॅसिनने बघितलेल्या प्रत्येक मेलवर हा हेडर लागतो, त्यामुळे तो नाही म्हणजे तपासणी झाली नाही. ग्रेपला डॅश मोठा एल दिलं की न सापडलेल्या फाईलची यादी मिळते. ऑफिसमधल्या लोकांनी एकमेकांना पाठवलेले मेल ह्यात येतील, ते सोडा. बाहेरून आलेले किती ते बघा.

पोस्टफिक्स आणि स्पॅमअसॅसिनच्या मधे अमाविस हा प्रोग्राम वापरत असाल तर तुमची लिमिट वेगळी, नाव एसए मेल बॉडी साईझ लिमिट. मूळ नमुना फाईलमधे ती ४०० केबी आहे आणि डेबियनवाल्यांच्या फाईलमधे २०० केबी. जुनं अमाविस त्याच्या वरचा मेल स्पॅमअसॅसिनला देत नव्हतं आणि लॉगमधे "नॉट वेस्टिंग टाईम ऑन एसए" अशी ओळ टाकायचं. नंतरची व्हर्जन मेलचा पुढचा तुकडा कापून तेवढाच तपासायला देतात, लॉगमधे "ट्रंकेटिंग" शब्द येतो. तुमच्या लॉगमधे दोनपैकी काय येतं ते आधी शोधा, पहिली ओळ दिसली तर अपग्रेड हेच पहिलं काम. आरस्पॅमडी हा दुसरा स्पॅम फिल्टर वापरणाऱ्यांचं बरं आहे, तिथे मॅक्स मेसेज ५० एमबी असतं त्यामुळे ही फट जवळपास नसतेच, फक्त त्याच्या अँटीव्हायरस मॉड्यूलची मॅक्स साईझ वेगळी असते ती बघून घ्या, नमुना फाईलमधे २ कोटी बाईट लिहिलेली असते.

पायरी २: आत घ्यायची लिमिट विचार करून ठरवा

छापखान्यासाठी मी ३६७००१६० ठेवली, म्हणजे ३५ एमबी, कारण जीमेलवरून २५ एमबीपर्यंतची अटॅचमेंट येऊ शकते आणि बेस६४ होऊन ती ३४ च्या वर जाते. साध्या ऑफिसला एवढी गरज नाही, १५-२० पुष्कळ.

वाढवताना दोन गोष्टी बघा. एक, पोस्टफिक्स स्वतः बॉक्समधे मेल टाकत असेल तर मेलबॉक्स साईझ लिमिट आणि व्हर्च्युअल मेलबॉक्स लिमिट ह्या दोन्ही न बदलता ५१२००००० असतात आणि त्या मेसेज लिमिटपेक्षा लहान असून चालत नाहीत. कोणी मेसेज लिमिट सरळ ५० एमबी केली तर आकडा होतो ५२४२८८००, जो ५१२००००० पेक्षा मोठा, आणि डिलिव्हरी फेटल एरर देऊन अडकते, मेल क्यूमधे साचत जातात. डवकॉटला एलएमटीपीने (सर्व्हरमधल्या सर्व्हरमधे मेल सोपवायची पद्धत) देत असाल तर हा प्रश्न येत नाही. दोन, डिस्क. मेसेज लिमिटच्या दीडपट मोकळी जागा नसेल तर पोस्टफिक्स कुठलाही नवीन मेल घेत नाही, लहानसुद्धा, समोरच्याला ४५२ देतो. क्यूचं पार्टिशन लहान असलेल्या जुन्या व्हीपीएसवर हे हमखास होतं.

लिमिटच्या वरच्या मेलचं काय होतं? सर्व्हर सुरुवातीलाच साईझ जाहीर करतो (ही सोय आरएफसी १८७० मधली, १९९५ ची) आणि समोरचा सर्व्हर मेल पाठवायच्या आधीच साईझ सांगतो, त्यामुळे एक बाईटही न येता ५५२ ने नकार जातो आणि पाठवणाऱ्याला बाऊन्स मिळतो. हे चांगलंच आहे, पाठवणाऱ्याला कळतं तरी. मोठा मेल आत घेऊन गुपचूप टाकून देणं कधीही करू नका, एखाद्याचं टेंडर त्यात असतं.

पायरी ३: साईझशी संबंध नसलेल्या तपासण्या पुढे आणा

मेल १ केबीचा असो की ३० एमबीचा, कुठल्या आयपीवरून आला, रिव्हर्स डीएनएस आहे का, एसपीएफ (ह्या डोमेनच्या नावाने कुठल्या आयपीने पाठवायचं त्याची यादी) पास आहे का, हे सगळं मजकूर यायच्या आधीच कळतं. म्हणून पोस्टस्क्रीन (पोस्टफिक्सचा दारावरच चाळणी लावणारा भाग) चालू करा, ब्लॉकलिस्ट (स्पॅम पाठवणाऱ्या आयपींची यादी) पोस्टफिक्सच्या पातळीवरच लावा, एसपीएफची पॉलिसी सर्व्हिस लावा. डीकेआयएम (पाठवणाऱ्या डोमेनची डिजिटल सही) आणि त्यावर व एसपीएफवर आधारलेल्या डीमार्कसाठी पूर्ण मेल लागतो पण तिथे रेगेक्सचं (मजकुरात नमुने शोधण्याचं) काम नसतं, नुसता हॅश काढायचा, त्यामुळे मोठ्या मेललाही ते स्वस्तात होतं. मोठ्या साईझचा स्पॅम सगळ्यात जास्त इथेच अडतो, ही माझ्याकडची पक्की गोष्ट.

ब्लॉकलिस्ट लावताना स्वतःचा रिझॉल्व्हर (डीएनएसची उत्तरं शोधून देणारा प्रोग्राम) ठेवा, अनबाउंड पुरतो. गुगलच्या ८.८.८.८ सारख्या पब्लिक रिझॉल्व्हरवरून विचारलं तर ब्लॉकलिस्ट चालवणारी स्पॅमहाऊस ही संस्था खरं उत्तर देत नाही, १२७.२५५.२५५.२५४ असा एरर कोड देतं, आणि पोस्टफिक्सला कुठले कोड मानायचे ते सांगितलं नसेल तर त्या एररलाच "लिस्टेड" समजून सगळे मेल नाकारले जातात. स्पॅमहाऊसच्या झेन लिस्टच्या पुढे १२७.०.०.२ ते ११ एवढेच कोड मान असं स्पष्ट लिहा.

पायरी ४: तपासायची लिमिट वाढवा, पण आधी व्हर्जन बघा

ही लिमिट ५०० केबी ठेवायचं कारण खरं होतं. जुन्या स्पॅमअसॅसिनला ४ एमबीचा नुसता टेक्स्ट दिला, समजा कोणी सर्व्हरचा लॉगच मेलमधे पेस्ट केला, तर शेकडो रेगेक्स त्या सगळ्यावर फिरायच्या आणि एक प्रोसेस मिनिटंच्या मिनिटं सीपीयू धरून बसायची. इथे एक गोष्ट नीट बघा, ४ एमबीचा फोटो असेल तर असं होत नाही, कारण फोटो म्हणजे मजकूर नाही, बॉडीचे नियम त्याच्यावर चालतच नाहीत. महाग पडतो तो मोठा टेक्स्ट किंवा मोठा एचटीएमएल.

डिसेंबर २०१९ च्या ३.४.३ व्हर्जनमधे ह्यावर उत्तर आलं. बॉडी पार्ट स्कॅन साईझ नावाचं सेटिंग, न बदलता ५००००, आणि रॉबॉडी पार्ट स्कॅन साईझ, ५०००००. मेलच्या प्रत्येक भागाचा तेवढाच पुढचा तुकडा नियमांना दिला जातो, बाकी कापला जातो. पहिलं सेटिंग मजकूर डीकोड करून एचटीएमएल सोलल्यावर लागतं, त्यामुळे काकूंच्या मेलमधल्या रिकाम्या कॉमेंटचं वजन तिथे शून्य. मराठीसाठी ५०००० बाईट म्हणजे साधारण १६-१७ हजार चिन्हं, फसवा मेल पकडायला तेवढी पुरतात. म्हणून व्हर्जन ३.४.३ किंवा पुढचं असेल (४.० तर डिसेंबर २०२२ लाच आलंय) तर मोठा मेल सरळ सोडून द्यायचं कारण फारसं उरत नाही. त्याच्या आधीचं असेल तर लिमिट वाढवू नका, आधी अपग्रेड.

स्पॅमसीला लिमिट द्यायची ती डॅश एस आणि पुढे बाईटमधला आकडा, मी ५०००००० दिलाय. ही लिमिट २५६ एमबीपर्यंत जाते पण तिकडे जायचं काही कारण नाही. स्पॅमॲस-मिल्टर (पोस्टफिक्सला स्पॅमसी जोडून देणारा प्रोग्राम) वापरत असाल तर त्याच्या ऑप्शनच्या शेवटी दोन डॅश देऊन त्यानंतर हा फ्लॅग लिहायचा, डेबियनवर ते ईटीसी डिफॉल्टमधल्या फाईलमधे असतं. बरेच जण इथेच फसतात, दोन डॅश विसरतात आणि डॅश एस मिल्टरकडेच जातो.

मग मेमरी. स्पॅमडी न सांगता ५ चाइल्ड प्रोसेस चालवतं आणि मेलच्या प्रती प्रत्येकाच्या मेमरीत राहतात. १ जीबीच्या मशीनवर चाइल्ड ३ वर आणा. लिमिट वाढवल्यावर दोन दिवस फ्री आणि टॉप बघत रहा, स्वॅप हलायला लागला की डॅश एसचा आकडा २० लाखांवर उतरवा.

आणि वेळ. स्पॅमअसॅसिनची टाईम लिमिट ३०० सेकंद, पोस्टफिक्सची मिल्टर कंटेंट टाईमआऊट पण ३०० सेकंद. दोन्ही सारख्या असल्या की स्पॅमअसॅसिन जेमतेम आवरायला घेतं तोवर पोस्टफिक्स कंटाळून समोरच्याला "नंतर ये" सांगतो, समोरचा सर्व्हर तोच ३० एमबीचा मेल परत पाठवतो, परत तेच, सगळी लाईन त्यातच जाते. टाईम लिमिट १२० करा, मग जेवढे नियम तपासून झाले तेवढ्यावर स्कोअर देऊन तो मोकळा होतो.

पायरी ५: त्याच्याही वरच्या मेलचं काय

५ एमबीच्या वरचे मेल आमच्याकडे रोज येतात, छापखाना आहे. त्यांच्यासाठी तीन गोष्टी केल्या.

पहिली फार महत्त्वाची आणि कोणी सांगत नाही. स्पॅमअसॅसिन मेल तपासताना आधीपासून लागलेले एक्स-स्पॅम हेडर काढून स्वतःचे लावतं. पण जो मेल तपासलाच नाही त्यावर पाठवणाऱ्याने स्वतःच लावलेला "एक्स-स्पॅम-स्टेटस: नो" तसाच राहतो, आणि तुमचा सीव्ह नियम (सीव्ह म्हणजे मेल कुठल्या फोल्डरला जायचा ते ठरवणारी भाषा) त्यावर विश्वास ठेवतो. म्हणून पोस्टफिक्सच्या हेडर चेक्समधे एक्स-स्पॅमने सुरू होणारा कुठलाही हेडर बाहेरून आला की इग्नोर, अशी एक ओळ टाका. मिल्टरने नंतर लावलेले हेडर ह्यात जात नाहीत, त्यामुळे मिल्टरवाल्यांना एवढंच पुरे. पण अमाविससारखा फिल्टर मेल परत पोस्टफिक्समधे टाकत असेल तर परत येणाऱ्या पोर्टवर नो हेडर बॉडी चेक्स हा ऑप्शन द्या, नाहीतर स्वतःचेच हेडर पुसले जातील.

दुसरी, सीव्हमधे नियम. सीव्हला साईझची चाचणी मुळातच येते, साईझ ओव्हर. मेल ५०० केबीच्या वर असेल आणि चेकर व्हर्जनचा हेडर नसेल तर "न तपासलेले" नावाच्या फोल्डरमधे टाक, असा नियम सगळ्यांना लावला. चाचणी साईझपेक्षा हेडर नसण्यावर जास्त अवलंबून आहे म्हणून उद्या लिमिट बदलली तरी नियम तसाच चालतो. लोकांना सांगितलं की ह्या फोल्डरमधे तुमची मोठी डिझाईन येतील, उघडा, पण पैशांचं किंवा पासवर्डचं काही ह्यात आलं तर आधी फोन करा. दोन दिवस कुरकुर झाली, मग सवय झाली.

तिसरी ज्यांना जमेल त्यांनी करावी. मोठ्या मेलचा पुढचा तुकडा, समजा पहिले ५ लाख बाईट, हेड डॅश सी ने कापून स्पॅमसी डॅश सी ला द्यायचा. डॅश सी म्हणजे फक्त तपास, स्पॅम असेल तर एक्झिट कोड १ येतो. त्यावरून मूळ, पूर्ण मेल कुठल्या फोल्डरला जायचा ते ठरवायचं. कापलेला तुकडा चुकूनही डिलिव्हर करू नका. आणि मेल कापला की डीकेआयएम तुटतो, कारण बॉडीचा हॅश जुळत नाही, म्हणून ह्या तपासात डीकेआयएम फेलला मार्क देऊ नका आणि डीकेआयएमवर अवलंबून असलेली व्हाईटलिस्ट इथे चालणार नाही हे लक्षात ठेवा.

व्हाईटलिस्टवरून आठवलं, रोज मोठ्या फाईल पाठवणाऱ्या ग्राहकांना नुसत्या फ्रॉम पत्त्यावरून सूट देऊ नका, तो पत्ता कोणीही लिहू शकतो. व्हाईटलिस्ट ऑथ वापरा, ४.० मधे नाव वेलकमलिस्ट ऑथ झालंय, त्यात एसपीएफ किंवा डीकेआयएम पास असेल तरच सूट मिळते.

पोस्टफिक्सऐवजी एक्झिम असेल तर हे सगळं एसीएलमधे (त्याची नियमांची यादी) एका अटीत बसतं, मेसेज साईझ अमुकपेक्षा कमी असेल तरच स्पॅमची चाचणी, आणि नसेल तर वॉर्न वापरून "तपासलं नाही" असा हेडर लावायचा. दुसरा अर्धा भाग लोक लिहीतच नाहीत.

पायरी ६: व्हायरस स्कॅनरची लिमिट वेगळी

स्पॅमला मोठा मेल सोडला तर एकवेळ चालेल, व्हायरसला नाही. क्लॅमएव्हीची स्ट्रीम मॅक्स लेंग्थ पोस्टफिक्सच्या मेसेज लिमिटपेक्षा मोठीच हवी. आधी ती २५ एमबी होती, २०२२ च्या ०.१०५ पासून १०० एमबी झाली, मॅक्स फाईल साईझ पण २५ ची १०० आणि मॅक्स स्कॅन साईझ १०० ची ४००. पण सर्व्हर अपग्रेड होत होत आला असेल तर जुन्या कॉन्फिग फाईलमधे २५ एमबी स्पष्ट लिहिलेलं असू शकतं आणि मग तेच चालतं. क्लॅमकॉन्फ ही कमांड चालवा, प्रत्यक्षात काय चालू आहे ते दिसतं. मॅक्स फाईल साईझच्या वरची फाईल क्लॅमएव्ही तपासत नाही आणि निकाल मात्र "ओके" देतं. त्यासाठी अलर्ट एक्सीड्स मॅक्स चालू करता येतं, मग "लिमिट्स एक्सीडेड" असा अलर्ट येतो. सुरुवातीला ह्यावर मेल नाकारू नका, महिनाभर नुसतं क्वारंटाईन करून बघा, छपाईच्या मोठ्या झिप ह्यात बऱ्याच अडकतात.

पायरी ७: टेस्ट

जीट्यूब नावाची टेस्टची ओळ आहे, ती मेलच्या मजकुरात दिसली की स्पॅमअसॅसिन १००० मार्क देतं. स्वॅक्स ह्या टेस्ट मेल पाठवणाऱ्या प्रोग्रामने बाहेरच्या मशीनवरून चार मेल पाठवा: नुसती जीट्यूब, जीट्यूब आणि ६०० केबीची फाईल, जीट्यूब आणि ६ एमबीची फाईल, आणि चौथ्यात आधी १ एमबी साधा मजकूर आणि मग शेवटी जीट्यूब. फाईल यूरँडममधून (लिनक्सची रँडम डेटा देणारी फाईल) डीडी कमांडने बनवा. पहिले दोन पकडले गेलेच पाहिजेत. तिसरा "न तपासलेले" मधे, आणि तुकडा तपासायची पद्धत लावली असेल तर स्पॅममधे. चौथा सुटेल, कारण कापायची जागा आधीच येऊन गेली, आणि हे माहीत असलेलं बरं. पाचवा मेल आयकार फाईल (व्हायरस स्कॅनर तपासायची निरुपद्रवी टेस्ट फाईल) झिप करून सोबत २० एमबीची दुसरी फाईल, तो क्लॅमएव्हीने अडवलाच पाहिजे. एक मेल खोटा एक्स-स्पॅम-स्टेटस लावूनही पाठवा.

ह्यानंतर मी दर सोमवारी सकाळी क्रॉनने (ठरलेल्या वेळी आपोआप कमांड चालवणारा प्रोग्राम) एक आकडा मागवतो, मागच्या आठवड्यात बाहेरून आलेले आणि चेकर हेडर नसलेले मेल किती. छापखान्यात मोठ्या डिझाईनसाठी नेक्स्टक्लाउडची (फाईल ठेवून शेअर करायचा सर्व्हर) लिंक द्यायला सुरुवात केल्यापासून तो आकडा उतरतोय, आणि काकू अजूनही खाते नंबर बदलल्याचा मेल आला की आधी फोनच लावतात.